शिक्षक नाही, म्हणून परीक्षाही नाही?

"आमच्याकडे तो विषय नाही." मुंबईतल्या शाळांच्या आणि ज्युनिअर कॉलेजांच्या खिडक्यांवर हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे. पालक मान हलवून मागे फिरतात. विषय नाही म्हणजे शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणजे तास नाही, तास नाही म्हणजे परीक्षेच्या अर्जात त्या विषयाचं नाव नाही. या साखळीतल्या पहिल्या दोन कड्या मला समजतात. प्रत्येक शाळेला प्रत्येक विषयाचा शिक्षक परवडत नाही, हे खरं आहे. तिसरी कडी मात्र मला कधीच पटलेली नाही. मुलाला विषय स्वतः वाचायचा आहे, पुस्तक दुकानात आहे, प्रश्नपत्रिका छापली जाणारच आहे. मग तो पेपर सोडवायला या मुलाला एक बाक का मिळू नये?

लालबागला आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत संध्याकाळी सात ते अकरा अभ्यासिका चालते. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आणि गणपतीचे दहा दिवस ती बंद असते, कारण खोलीत मांडवाचं सामान येतं. एरवी वीस-पंचवीस मुलं असतात. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, धाकटी भावंडं, रात्रपाळी करून झोपलेलं कुणीतरी. अभ्यासाला जागा म्हणजे ही खोली, नाहीतर वरळीच्या अभ्यास गल्लीसारखा एखादा दिव्याखालचा कोपरा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसते. शिकवत नाही. किल्ली सांभाळते, कुणी वही दिली तर वाचून बघते. मुलं मला काकू म्हणतात. मला जे म्हणायचं आहे ते या खोलीत बसूनच सुचलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी यायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला सायन्स, आणि जीवशास्त्राऐवजी इलेक्ट्रॉनिक्स. दोनशे मार्कांचा बायफोकल, म्हणजे व्यावसायिक, विषय घेतला की दुसरी भाषा सुटते, जीवशास्त्र सुटतं आणि इंजिनीअरिंगचा रस्ता मोकळा होतो, असं तिला सांगितलं गेलं होतं. सोळाव्या वर्षी असं सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. बारावी सुरू होताना तिची आजी केईएम रुग्णालयात महिनाभर होती आणि रात्री सोबतीला हीच राहायची. आजी घरी आली तोवर हिचं ठरलं होतं: नर्सिंग करायचं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत जीवशास्त्र लागतंच. जून महिना चालू होता, परीक्षा फेब्रुवारीत. आठ महिने हातात होते आणि ती घरी बसून तो विषय करायला तयार होती. कॉलेजने सांगितलं, तुझ्या गटात तो विषय नाही. जादा विषय म्हणून? तेही नाही.

म्हणून तिने आधी जीवशास्त्राविना बारावी पूर्ण केली आणि मग एक आख्खं वर्ष फक्त जीवशास्त्रासाठी थांबली. राज्य शिक्षण मंडळाच्या भाषेत याला 'तुरळक विषय' घेऊन परीक्षेला बसणं म्हणतात. नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी, श्रेणीसुधार अशा रकान्यांच्या रांगेत हा एक रकाना असतो. तो आहे हे पालकांना सोडाच, कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहे, पण तो शाळा सुटलेल्या मुलांसाठी, आख्खी परीक्षा बाहेरून देण्यासाठी. शाळेत रोज जाणाऱ्या आणि त्याबरोबर एकच विषय स्वतःच्या बळावर करू पाहणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. 'तुरळक'ची सोय चांगली आहे, मी ती नाकारत नाही. पण ती उशिरा मिळते. आधी पास व्हा, मग बसा. मुंबईत एका कमावत्या माणसाच्या घरात मुलीचं एक वर्ष म्हणजे काय असतं, हे ज्यांनी हा क्रम ठरवला त्यांनी एकदा त्या घरी बसून पाहावं. दरम्यान तिला दोन स्थळं सांगून आली आणि एका दुकानातली नोकरीही. तिच्या आईने तिन्ही परतवली. सगळ्याच आया तेवढ्या खंबीर राहू शकत नाहीत.

त्या वर्षी तिचा अभ्यास मी जवळून पाहिला, आणि शिक्षकाविना शिकण्याबद्दल माझी जी काही मतं आधी होती ती बहुतेक बदलली.

पहिली गोष्ट म्हणजे तिने पुस्तक वाचलं. हे वाक्य विचित्र वाटेल, पण आमच्या अभ्यासिकेतली फार थोडी मुलं पाठ्यपुस्तक वाचतात. क्लासच्या नोट्स असतात, गाइड असतात, 'महत्त्वाचे प्रश्न' असतात. बालभारतीचं पुस्तक दप्तरात असतं ते कोरं करकरीत. तिच्याकडे नोट्स नव्हत्या, त्यामुळे पंधरा प्रकरणं पहिल्या ओळीपासून वाचण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. ई-बालभारतीवर पुस्तक फुकट मिळतं, पण मोबाइलवर आकृत्या दिसेनात म्हणून तिने छापील प्रत आणली. एक वेगळी वही केली, न कळलेल्या प्रश्नांची. पहिल्या पंधरवड्यात त्यात चाळीसेक प्रश्न जमले. दिवाळीपर्यंत त्यातले बरेच तिने स्वतःच खोडले होते, कारण तिसऱ्या प्रकरणात अडलेलं सहाव्यात सुटत होतं. वर्गात प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. इथे प्रश्न दोन-दोन महिने तिच्याबरोबर राहायचा. मला वाटतं ती त्या प्रश्नांमुळेच शिकली.

भाषेची अडचण मोठी होती. शाळेत तिने परागीभवन, अर्धसूत्री विभाजन, प्रकाशसंश्लेषण शिकलं होतं, आणि आता समोर सगळं इंग्रजीत. अकरावी-बारावीचं विज्ञान मराठी माध्यमाच्या मुलांवर अचानक इंग्रजीत कोसळतं आणि पहिले सहा महिने वर्गात काय चाललंय ते त्यांना कळत नाही, हे दरवर्षी पाहते. एकटीने शिकताना तिला एक फायदा झाला: थांबता आलं. ती आठवीपासूनची मराठी पुस्तकं शेजारी ठेवून शब्दाला शब्द जुळवत बसायची. वर्गात शिक्षक तिच्यासाठी थांबले नसते. त्यांना पोर्शन संपवायचा असतो.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितकीच खरी आहे. धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त आणि शीर म्हणजे ऑक्सिजन कमी झालेलं रक्त, असा एक नियम तिने कुठूनतरी उचलला होता. त्या नियमाने फुप्फुसाकडे जाणारी धमनीसुद्धा तिने लाल रंगवली, खरं तर तिच्यात ऑक्सिजन कमी झालेलं रक्त असतं. दोन महिने हृदयाची प्रत्येक आकृती तशीच. पुस्तकात बरोबर दिलेलं होतं. पण जे आपल्याला ठाम माहीत आहे असं वाटतं ते आपण पुस्तकात तपासायला जात नाही. आमच्याच चाळीत केईएममधल्या एक सिस्टर राहतात. एका रविवारी त्यांनी सहज वही चाळली आणि म्हणाल्या, "अगं, हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. आत काय वाहतंय ते त्यानंतर." एक वाक्य, आणि दोन महिन्यांची चूक गेली. सिस्टर भेटल्या नसत्या तर ती चूक उत्तरपत्रिकेत गेली असती.

आणखी एक गोष्ट तिला कोणत्याही पुस्तकातून मिळत नव्हती: कुठे थांबायचं ते. आनुवंशिकतेच्या प्रकरणात ती पाच आठवडे अडकली होती. युट्यूबवर एकाच मुद्द्यावर वीस जण वीस प्रकारे बोलतात आणि प्रत्येक जण आणखी एक नवीन गोष्ट सांगतो. 'बास, एवढं पुरे, पुढे चल' हे सांगायला अनुभवी माणूस लागतो. म्हणून 'स्वयंअध्ययन' या शब्दाभोवती जो एकलव्याचा उजेड पाडला जातो तो मला मान्य नाही. मुलाला रोजचा शिक्षक नसला तरी चालतो. महिन्यातून दोनदा वही पाहणारं कुणीतरी लागतंच.

आता प्रात्यक्षिकांबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. बारावीच्या जीवशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. भौतिक, रसायनचंही तसंच. गणिताला ८० आणि २०. भाषांनाही लेखी ८०, आणि उरलेले २० तोंडी परीक्षेसारख्या गोष्टींचे. लेखी पेपर घरी बसून करता येतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड घरी करता येत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. तिला ज्या कॉलेजातून अर्ज भरायला मिळाला तिथल्या प्रयोगशाळेत वर्षभरात दोन दिवस उभं राहू दिलं, तेही नियमित मुलांच्या मागे. लेखीत तिला ७० पैकी ५६ मिळाले, प्रात्यक्षिकात ३० पैकी १९. बारावीचे प्रात्यक्षिकाचे गुण सहसा किती सढळ हाताने दिले जातात हे या शहरातल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. कॉलेजची मुलं म्हणजे 'आपली' मुलं. ही कुणाचीच नव्हती.

इथे मला एक प्रश्न मोठ्याने विचारायचा आहे. नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. आणि तरीही 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार मुंबई-ठाण्यात उघड चालतो: नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात पाऊल टाकायचं ते प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला. शासनालाही हे ठाऊक होतं, म्हणूनच २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली गेली. प्रकार थांबला नाही. म्हणजे कॉलेजात न शिकता परीक्षेला बसणं ही व्यवस्थेने कधीच स्वीकारलेली गोष्ट आहे. अट एवढीच की त्यासाठी लाखांत फी भरलेली असावी. जो मुलगा खरोखर न जाता, खरोखर एकट्याने शिकतो, तो मात्र नियमबाह्य. मला याचा मनापासून राग येतो.

वरच्या थरातल्या मुलांना ही अडचण येतच नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षेला, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेला, बसायला तो विषय शाळेत शिकलेला असावा लागत नाही. इंग्लंडच्या ए लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, खासगी परीक्षार्थी म्हणून बसता येतं. मुंबईतल्या महागड्या शाळांमधली मुलं हे करतात आणि परदेशी विद्यापीठांच्या अर्जात अभिमानाने लिहितात: हा विषय मी स्वतः केला. लालबागच्या मुलीने तेच केलं तर तिच्या रकान्याचं नाव तुरळक.

आपल्याकडे हे नवीनही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं, आणि सुरुवातीला त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हेच होतं. शिकवायचं काम कॉलेजांकडे. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही व्यवस्था या शहराने तेव्हाच पाहिली आहे.

आणि याच शहरात, परळच्या चाळीतल्या एका खोलीत, भीमराव आंबेडकर रात्री दोनला उठून अभ्यास करत होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून तो दरवाजा बंद होता. पुढे ते संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकले आणि मूळ ग्रंथांपर्यंत पोचले. आपण ही गोष्ट मुलांना जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. मी ती अभ्यासिकेत सांगते तेव्हा आधी दुसरं सांगते: त्यांना तो विषय शाळेत मिळायला हवा होता. माणूस मोठा निघाला म्हणून दरवाजा बंद करणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण शाळेत नसलेला एक विषय स्वतः शिकून नेहमीच्या परीक्षेबरोबरच देता यावा, या माझ्या मागणीला सर्वांत गंभीर आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो मी झटकून टाकणार नाही. ते म्हणतात, मुलं स्वतः शिकून परीक्षा देऊ लागली की शासन म्हणेल, शिक्षक कशाला हवा? आधीच संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, पटाच्या आकड्यावरून पदं जातात, मराठी शाळांची तर रोजच. ही भीती खरी आहे. पण आज काय होतं ते पाहा. शाळेत तर्कशास्त्र नाही, संस्कृत नाही, पाली नाही, म्हणून कुणी ते मागत नाही. कुणी मागत नाही म्हणून पद नाही. मागणी आहे की नाही हे कळायला कागदच नाही. दहा मुलांनी एकाच विभागातून शिक्षकाविना पालीचा अर्ज भरला, तर 'इथे पालीचा शिक्षक हवा' असा दहा सह्यांचा पुरावा तयार होतो. नियम असाच करावा: एखाद्या शाळेच्या परिसरातून तोच विषय स्वतंत्रपणे घेणारी मुलं ठराविक संख्येपुढे गेली, की त्या विषयाचा शिक्षक द्यायलाच हवा. स्वयंअध्ययनाची परवानगी आणि शिक्षकाची मागणी एकाच अर्जावर असू द्या.

दुसरा आक्षेप ओझ्याचा. पालक हौसेपायी मुलांना जादा विषय घ्यायला लावतील, क्लासवाले 'जादा विषय बॅच' काढतील. काढतील, यात शंका नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगचे वाढीव गुण दहावीत धरले जाऊ लागल्यावर आमच्या भागात चित्राची अजिबात आवड नसलेली मुलंही चित्रकलेच्या क्लासला जाताना मी पाहिली. म्हणूनच माझं म्हणणं, या विषयाचे गुण टक्केवारीत मिळवू नयेत. वेगळं गुणपत्रक द्यावं. नापास झाला तर मुख्य निकालावर त्याचा डागही पडू नये. वर्षाला एकच विषय. ज्याला खरंच तो विषय हवा आहे त्याला एवढं पुरतं. ज्याला फक्त टक्के हवे आहेत तो आपोआप दूर राहील.

बाकी जे लागतं ते फार नाही. प्रत्येक विभागात एखादं कॉलेज ठरवून तिथली प्रयोगशाळा दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत आठ-दहा दिवस अशा मुलांना उघडी करावी, आणि प्रात्यक्षिकाचे गुण दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षकाने द्यावेत. भाषांच्या तोंडी परीक्षेलाही तेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, पूर्ण प्रमाणपत्र नको असलेल्या विद्यार्थ्यालाही एक ते चार विषयांपुरता प्रवेश देते आणि त्यासाठी अभ्यासकेंद्रं चालवते. देशात हे चालू आहे. महाराष्ट्राच्या मंडळाने शून्यातून काही उभं करायचं नाही.

वैद्यकीय शिक्षणासारख्या कडक क्षेत्रानेसुद्धा आपली भूमिका बदलली आहे. आधी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं नियमित, प्रात्यक्षिकांसह जीवशास्त्र शिकलेलं असण्याची अट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केलं तरी विद्यार्थी नीटला पात्र. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला नंतर शिकलेलं जीवशास्त्र चालतं, तर बारावीत असतानाच ते शिकू पाहणाऱ्या मुलीला का थांबवायचं? वर्ष वाया घालवणं ही काही पात्रतेची अट असू शकत नाही.

ती मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची न कळलेल्या प्रश्नांची वही अभ्यासिकेच्या कपाटात आहे. शेवटचे सहा प्रश्न अजून खोडलेले नाहीत.

सध्या नववीतला एक मुलगा येतो. त्याला संस्कृत हवं आहे; का, ते तो नीट सांगत नाही, आणि मीही विचारत नाही. त्याच्या शाळेत तो विषय नाही. पुस्तक त्याने स्वतः दादरहून आणलं. भूतकाळाच्या रूपांपर्यंत आला आहे, विसर्गसंधीत रोज अडतो. नायगावच्या एक निवृत्त शिक्षिका दर दुसऱ्या रविवारी त्याची वही बघायला तयार झाल्या आहेत. दहावीचा अर्ज पुढच्या वर्षी शाळेतूनच जाईल आणि आजच्या पद्धतीने त्यात संस्कृत नसेल. म्हणून आम्ही दोघांनी वाशीच्या विभागीय मंडळाला एक विनंतीअर्ज लिहिला आहे. अक्षर त्याचं आहे, सही त्याच्या वडिलांची. सोमवारी मी तो घेऊन जाणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय परतणार नाही.